उरलेला मासा

त्या वर्षांत प्रशांत महासागरातल्या तोकेलाऊच्या बेटांवर बोट महिन्या-दोन महिन्यांनी यायची, आणि तीही आपल्या लहरीनं. ती यायच्या आठवड्यात शाळा चालवणं मोठं कठीण. शाळेला भिंती नव्हत्याच. खांब, वर केवड्यासारख्या पंडानसच्या पानांचं छप्पर, खाली चटया. एका बाजूला शांत हिरवं खाजण आणि दुसऱ्या बाजूला प्रवाळाच्या कड्यावर आपटणारा समुद्र. पोरांचा एक डोळा फळ्यावर आणि एक समुद्रावर. नेमक्या अशा आठवड्यात पालेपानं भागाकार शिकवायला घेतला होता. तिला शिक्षिका होऊन पुरतं वर्षही झालेलं नव्हतं, त्यामुळे असलं धाडस तिच्या अंगात होतं.

सोमवारी सकाळी ती शाळेत आली तेव्हा अकेनेहे म्हातारी फणसाच्या झाडाखाली उभी होती. विलायती फणसाचं ते झाड शाळेच्या अंगणात होतं आणि म्हातारी त्याच्या बुंध्याला हात टेकून अशी उभी होती, जणू हात काढला तर दोघांपैकी एक जण पडेल.

"मावशी, इतक्या सकाळी?"

"रेडिओवर निरोप आलाय," अकेनेहे म्हणाली. "मेलेता येत नाही या बोटीनं."

मेलेता तिची मुलगी. न्यूझीलंडला कारखान्यात काम करायची. मागच्या बोटीनं तिनं आपल्या पोरीला, तेलेसियाला, आजीकडे पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, पुढच्या बोटीनं मी येते, तुला घेऊन जाते.

"का येत नाही?"

"छातीचा आजार. दवाखान्यात ठेवलंय. वर्षभर तरी सोडणार नाहीत म्हणे." म्हातारीनं नाक ओढलं. "पोरीला तू सांग. तू तिची बाई आहेस."

"मी? मावशी, तुम्ही आजी तिच्या."

"माझं तोंड उघडायच्या आधी डोळे वाहायला लागतात. मग ती समजेल आई मेलीच. तू नीट सांगशील. बोट यायच्या आधी सांग म्हणजे झालं. पोर बंदरावर उभी राहून वाट बघेल ना गं, ते मला बघवणार नाही."

पालेपानं हो म्हटलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिथे पद्धत नव्हती. आणि हो म्हणताना तिला वाटलंही की, त्यात काय, मधल्या सुट्टीत जवळ घेऊन सांगून टाकू.

तेलेसिया सात वर्षांची होती. वर्गात ती एकटीच पायात बूट घालून यायची, मोजे आणि बूट, आणि चटईच्या अगदी टोकाला बसायची, गाडी पकडायच्या बेतात असलेल्या माणसासारखी. पहिल्या दिवशी केलेकोलियो तिच्या बुटांकडे बघून म्हणाला होता, "पायाला कोंबडीची खुराडी कशाला बांधलीस?" त्यावर सगळा वर्ग हसला होता. तेलेसिया हसलीही नव्हती आणि रडलीही नव्हती. ती म्हणाली होती, "मी थोडेच दिवस आहे इथे."

हेच ती सगळ्यांना सांगायची. समूहगाण्यात जागा दिली, "मी थोडेच दिवस आहे." चटई विणायला शिकवू का विचारलं, तरी तेच. ती उद्धट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की उगाच कुणाला तसदी नको.

सोमवारच्या तासाला पालेपानं सरकारी पुस्तक उघडलं. पुस्तक न्यूझीलंडहून आलेलं होतं. त्यात सफरचंदं होती. वर्गातल्या कुणीही सफरचंद पाहिलेलं नव्हतं, म्हणून पालेपानं सफरचंदाऐवजी मासे केले आणि फळ्यावर गणित लिहिलं, सतरा मासे, पाच घरं, तर प्रत्येक घराला किती?

अकाता नावाची पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, कुठली पाच घरं?"

"कुठलीही पाच."

"असं कसं? माणसं किती आहेत त्यांच्यात?"

"अगं, गणितातली घरं आहेत ती. सगळी सारखी."

"सारखी कशी असतील? इहाइयाच्या घरात अकरा जणं आहेत," अकाता म्हणाली.

"आणि लोसा म्हातारी एकटीच," मागून कुणीतरी भर घातली.

तेवढ्यात चटईच्या टोकावरून तेलेसिया म्हणाली, "तीन. आणि दोन उरले."

उत्तर बरोबर होतं. पालेपा शाबास म्हणणार, तोच केलेकोलियो उठून उभा राहिला. हा केलेकोलियो म्हणजे वर्गाचा न नेमलेला मुखिया. "दोन उरले? कुणाचे उरले?"

"कुणाचे नाही. नुसते उरले."

"नुसते कसे उरतील? मासे आहेत ते! कुठे उरले?"

"बाजूला," तेलेसिया म्हणाली. "उत्तराच्या बाजूला लिहायचे असतात."

"बाजूला ठेवले तर सडतील की!"

वर्ग हसत सुटला. "चिरून वाटा!" "लोसा म्हातारीला द्या!" "मागच्या खेपेला ज्यांना लहान मिळाले त्यांना द्या!" असा एकच गलका झाला. पालेपानं फळ्यावर डस्टर आपटलं. तिला हसूही येत होतं आणि वैतागही. कारण पोरांचं काही चुकत नव्हतं. त्या बेटावर समुद्रातून काही आलं की त्याचे वाटे पडायचे. इनाती म्हणायचे त्याला. होडीवर गेलेला आणि न गेलेला, म्हातारा, आजारी, पाळण्यातलं मूल, सगळ्यांचा वाटा. वाटणारा माणूस ढिगाऱ्यापाशी उभा राहायचा तो ढिगारा संपेपर्यंत. उरणं ही गोष्ट त्या पोरांनी बघितलेलीच नव्हती.

"पुस्तकात उरतात," पालेपा शेवटी म्हणाली. "पुस्तकापुरतं उरू द्या."

"पुस्तकवाल्यांना वाटता येत नाही," केलेकोलियोनं निकाल दिला आणि तो खाली बसला.

तेलेसियाचे कान लाल झाले होते. आपलं उत्तर बरोबर असून सगळे हसले, हे तिला पचलं नव्हतं. मधल्या सुट्टीत पालेपा तिच्याजवळ गेली. पोर बोट येते त्या बाजूला तोंड करून बसली होती.

"बाई, बोट शनिवारी येणार ना?"

"हो. शनिवारी."

"आई पुढे उभी असेल. तिला आत बसलं की उलट्या होतात."

पालेपाच्या घशात शब्द तयार होते. पण पोर इतक्या विश्वासानं बोलत होती, की तिनं नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती घंटा द्यायला निघून गेली. घंटा द्यायला अजून वेळ होता.

मंगळवारी तिनं पुस्तक मिटून ठेवलं आणि कवड्यांची टोपली आणली. "आज खऱ्या वाटण्या. टोपलीतल्या कवड्या वर्गात सगळ्यांना सारख्या वाटायच्या. अकाता, तू वाट."

अकातानं आधी माणसं मोजली. मोजताना बोट तेलेसियावर आलं तशी ती म्हणाली, "मला नको मोजू."

"का?"

"मी शनिवारी जाणार."

"शनिवारी जा की. आज मंगळवार आहे. आज तू बसली आहेस ना?"

"पण मी इथली नाही."

अकाताला हे काही केल्या समजेना. तिनं बाईंकडे बघितलं. "बाई, ती बसलेली आहे आणि म्हणते मोजू नको. मग मी कितीनं भागू?"

केलेकोलियो मदतीला धावला. "ए, बोटीवरच्या खलाशांनासुद्धा वाटा मिळतो. मागं तो टक्कल असलेला डॉक्टर आला होता, त्याला मिळाला. ताउइलीच्या बाळाला जन्मल्या दिवशी मिळाला, त्याला कुठे दात होते? तू काय डॉक्टरपेक्षा मोठी लागून गेलीस?"

"केलेकोलियो!" पालेपा ओरडली.

"मी खरं तेच बोलतोय, बाई."

तेलेसिया उठली आणि खांबाला टेकून चटईच्या बाहेर उभी राहिली. "आता मोजा," ती म्हणाली. अकातानं नाइलाजानं तिला सोडून कवड्या वाटल्या, पण तिचं तोंड आंबट झालं होतं. वाटणी बरोबर जमली. तरीही कुणी टाळी वाजवली नाही. कवड्या गोळा करताना वर्गातल्या एका धाकट्या पोरीनं आपल्यातल्या दोन कवड्या हळूच नेऊन तेलेसियाच्या बुटापाशी ठेवल्या. तेलेसियानं त्या उचलल्या, पुसल्या आणि टोपलीत परत टाकल्या.

त्या दिवशी शाळा सुटताना पालेपानं मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. तिनं हाकही मारली. पोर मागे वळली आणि विचारू लागली, "बाई, आईला इथल्या शाळेचा दाखला लागेल का? तिकडच्या बाई मागतील." आणि पालेपाच्या तोंडून निघून गेलं, "बघू हं." रस्ताभर ती स्वतःला शिव्या घालत होती. बघू काय, कपाळ!

वाटेत अकेनेहे आपल्या दारात वाटच बघत उभी होती. "सांगितलंस?"

"उद्या सांगते, मावशी."

म्हातारीनं भाजलेल्या फणसाचा तुकडा पालेपाच्या हातावर ठेवला आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी माशांचा थवा आला. पक्षी समुद्रावर घिरट्या घालताना दिसले आणि गावातल्या झाडून सगळ्या होड्या कड्याबाहेर गेल्या. दुपारी लाकडी ढोल वाजला तेव्हा शाळा आपोआपच सुटली. पोरं झावळ्यांच्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावली, कारण घरचा वाटा आणायचं काम पोरांचंच असायचं. पालेपाही त्यांच्या मागून गेली. भागाकार तिथे जास्त चांगला शिकता येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

किनाऱ्यावर चांदीच्या रंगाचे जाडजूड कुपा मासे ढिगानं पडले होते. मिकाएले आजोबा वाटप करत होते. वर्षानुवर्षं तेच करायचे. कंबर वाकलेली, पण आवाज खणखणीत. त्यांनी माशांवरून नजर फिरवली, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "माणशी एक." लोकांत खुशीची लाट पसरली. माणशी अख्खा मासा म्हणजे दिवाळीच म्हणायची.

एकेका घराचं नाव पुकारलं जाऊ लागलं. पोरं पुढे यायची, टोपली भरायची, बाजूला व्हायची. पण उचलून घरी कुणी न्यायचं नाही. शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मग आजोबा हात झटकायचे आणि मग घरी. अकेनेहेचं घर गावाच्या टोकाला, म्हणून तिचं नाव सगळ्यांत शेवटी.

"अकेनेहे! दोन!"

म्हातारीचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या दिवशी तेलेसिया आली होती. पहिल्यांदाच. मिकाएले आजोबांनी शेवटचे दोन मासे तिच्यासमोर ठेवले. तिनं एक उचलून टोपलीत घातला. दुसऱ्याकडे बघितलं. मग तो शेपटीला धरून दोन्ही हातांनी ओढत नेला आणि जिथे मघाशी ढीग होता तिथे, मोकळ्या जागेवर ठेवून दिला.

"काय गं बाळे?" आजोबा म्हणाले. "लहान वाटला?"

"तो माझा नाही. आजीचा एकच."

"एक आजीचा, एक तुझा."

"मी इथली नाही, आजोबा. मी शनिवारी जाणार आहे."

तो मासा तिथे एकटा पडलेला, आणि भोवती सगळं गाव टोपल्या घेऊन उभं. एखाद्यानं भरल्या घरात चप्पल घालून यावं, तशी माणसं अवघडली.

"मला द्या," लठ्ठ हाकालिया विनोद करायला गेला. "माझ्या मांजरीला वाटा कुठे मिळालाय?"

कुणी हसलं नाही. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. मिकाएले आजोबांनी मान हलवली. "नाव घेऊन झालंय. तो दुसऱ्याच्या घरात शिजणार नाही." आणि ते त्या माशाशेजारी वाळूवर चक्क बसले. म्हातारा बसला म्हटल्यावर बाकीचेही बसले. घरी चुली पेटलेल्या, ऊन वरून भाजतंय, पण कुणी हलेना. केलेकोलियोनंसुद्धा आपली टोपली झावळीनं झाकली आणि हनुवटी गुडघ्यावर टेकवली.

तेलेसियाला काय झालं ते कळेना. ती भेदरून सगळ्यांकडे बघत होती. तिनं तर आपल्या समजुतीनं प्रामाणिकपणा केला होता.

पालेपाला एकदम कळलं, की हे सगळं गाव माशासाठी थांबलेलं नाही. ते या पोरीसाठी थांबलंय. आपण सोमवारी सांगितलं असतं तर ती आज अशी उघड्यावर उभी राहिली नसती. पालेपा पुढे गेली, पोरीचा हात धरला आणि तिला होड्यांच्या सावलीत घेऊन गेली. तिथे ती गुडघ्यांवर बसली, म्हणजे दोघींचे डोळे सारख्या उंचीवर आले.

"तेलेसिया, आई या बोटीनं येत नाहीये."

पोरीनं बुटाचं टोक वाळूत रुतवलं.

"तिला बरं नाही. छातीत आजार झालाय. दवाखान्यात आहे. बरी होणार आहे, पण वेळ लागेल. पुढच्या बोटीनंही नाही येणार. खूप बोटी जातील."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग तुम्ही म्हणालात, बोट शनिवारी येणार."

"बोट येणारच आहे. पण तेवढंच सांगायला नको होतं मी. माझी हिंमत झाली नाही."

तेलेसियानं होडीच्या लाकडावर नखानं रेघ ओढली. मग ती पालेपाच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. मोठ्यानं नाही. हुंदका आत गिळून रडायची सवय असलेलं मूल जसं रडतं तसं. पालेपा तिला थोपटत राहिली. थोड्या वेळानं खांद्यातूनच आवाज आला.

"तिकडे तिला वाटा कोण देतं?"

"तिकडे वाटे नसतात. तिकडे दुकानातून आणतात."

"दवाखान्यात असल्यावर?"

"दवाखान्यातले देतात जेवण."

"सगळ्यांना देतात. तिला म्हणून नाही देत." तेलेसियानं डोळे पुसले. "तिला मोजलं तर पाहिजे ना कुणीतरी."

पालेपा म्हणाली, "मला ठाऊक नाही गं."

पोर त्या गर्दीकडे बघू लागली. मिकाएले आजोबा माशावरच्या माश्या पंजानं उडवत होते.

"ते सगळे थांबलेत का माझ्यासाठी?"

"हो."

"मासा खराब होईल."

"होईल."

ती उठली. पालेपा मागून निघाली, पण तिनं हातानं नको म्हटलं. एकटी चालत ती वाळूवर गेली, त्या माशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हा मी नेते."

"ने की," आजोबा म्हणाले. त्यांना तो टोपलीत घालून देता आला असता, पण ते हलले नाहीत. तेलेसियानं मासा मिठीत धरून उचलला. तो तिच्या छातीएवढा होता. फ्रॉक रक्तानं आणि खवल्यांनी भरला. टोपलीत तो पडला तेव्हा टोपली कलंडली आणि अकातानं धावत येऊन ती धरली. आजोबांनी हात झटकले. गाव उठलं.

"कोंबडीच्या खुराड्या, लवकर चल," केलेकोलियो म्हणाला, "भूक लागलीये सगळ्यांना." आणि टोपलीचं दुसरं टोक त्यानंच पकडलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी तेलेसिया वर्गात होती. दोनदा रडली, एकदा गणित चुकली. पालेपानं भागाकार पुढे नेला नाही. तिनं मुलांना गाणी म्हणायला लावली आणि खाजणाच्या काठानं खेकड्यांची बिळं दाखवत फिरवलं. बाकी राहिलेलं पुस्तक पुढच्या आठवड्यात बघता आलं असतं.

शनिवारी बोट कड्याबाहेर येऊन उभी राहिली. गाव बंदरावर लोटलं. पिठाची पोती, रॉकेलचे डबे, डाकेच्या थैल्या लहान होडीतून लाटांवरून आत येत होत्या आणि परत जाणारी माणसं खोबऱ्याच्या पोत्यांवर बसून आपल्या पाळीची वाट बघत होती. पालेपा गर्दीत तेलेसियाला शोधत होती. तिला भीती होती की पोर कुठेतरी लपून बोटीकडे बघत असेल.

पोर लपलेली नव्हती. ती फियाफिया काकूंपुढे उभी होती. काकू आपल्या मुलाकडे वेलिंग्टनला निघाल्या होत्या, डोक्यावर नवी टोपी आणि मांडीवर गाठोडं. तेलेसियाच्या हातात केळीच्या पानात बांधलेली, दोरीनं आवळलेली एक पुडी होती. पुडीतून धुराचा खमंग वास येत होता. पालेपाला आठवलं, दोन दिवस अकेनेहेच्या घरामागे नारळाच्या करवंट्यांचा धूर चालला होता.

"काकू, हे आईला द्यायचं. दवाखान्यात."

"अगं बाई, आईला भेट होय! देईन हो, देईन."

"भेट नाही," तेलेसिया म्हणाली. "वाटा आहे. तिला सांगा, इनातीचा आहे."

फियाफिया काकूंचं हसू थांबलं. त्यांनी गाठोडं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. वाटा दोन्ही हातांनी घ्यायचा असतो.

"माझ्या माशातला आहे, अर्धा," पोर घाईघाईनं सांगत होती. "ओला होऊ देऊ नका. डोक्याकडचा दिलाय, तिला तोच आवडतो. आजीला म्हटलं, शेपटीकडचा आपण खाऊ."

"सांगते गं, सगळं सांगते."

"आणि तिथल्या कुणी विचारलं तर त्यांना देऊ नका. म्हणजे थोडा द्या. पण आधी तिला."

होडीवाल्यानं हाक मारली. काकू उठल्या. गाठोडं त्यांनी होडीवाल्याकडे फेकलं, टोपी एका हातानं दाबली आणि ती पुडी मात्र छातीशी धरून पाण्यात उतरल्या. होडी कड्याच्या तोंडाशी थांबली, लाट मोजत. मोठी लाट जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवरून सुटायचं, असं ते असायचं. तेलेसिया पालेपाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं होडीवरची नजर काढली नाही, पण तिचा हात पालेपाच्या हातात आला. मासळीच्या धुराचा वास त्या हाताला होता आणि तो हात गार पडलेला होता.

"आता," तेलेसिया म्हणाली, आणि त्याच क्षणी होडी सुटली.